पोशाखी वास्तव आणि गिरणगावचे कापड

चित्रपटाविषयी मराठीत जे काही गंभीरपणे लिहिले जाते त्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक प्रशंसावाक्य घट्ट रुजले आहे : 'तो काळ हुबेहूब उभा केला आहे.' मुंबईतील टोळ्यांवरच्या चित्रपटांच्या बाबतीत तर हे वाक्य जवळजवळ सक्तीचेच होऊन बसले आहे. 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०), 'शूटआउट अ‍ॅट वडाळा' (२०१३), 'बॉम्बे वेल्वेट' (२०१५), 'डॅडी' (२०१७) यांपैकी चित्रपट कोणताही असो, समीक्षक कॉलरची रुंदी, पँटचा घेर, चष्म्याची फ्रेम आणि कल्ल्यांची लांबी यांची यादी करतो, यादी दशकाशी जुळली की वास्तववादाचे प्रमाणपत्र देतो आणि मोकळा होतो. क्वचित एखादा चाणाक्ष समीक्षक न जुळणारे बटण शोधून काढतो आणि प्रमाणपत्र नाकारतो. पण जुळणी नेमकी कशाशी करायची, हा प्रश्न देणारा विचारीत नाही आणि नाकारणाराही विचारीत नाही. दोघांचा वाद एकाच अंगणातला आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या चर्चासत्रात अशाच एका निबंधाचे वाचन ऐकण्याचा योग आला. निबंधकार तरुण, अभ्यासू आणि परिश्रमी होते. चित्रपटांतील स्थिरचित्रे त्यांनी पडद्यावर लावली, शेजारी त्या त्या वर्षांतील छायाचित्रे लावली आणि दोहोंतील साम्य बोट ठेवून दाखविले. सभागृह प्रसन्न झाले. ती छायाचित्रे कोणाची आहेत, असे विचारता उत्तर आले की बरीचशी जुन्या सिनेमासिकांतील आणि स्टुडिओत काढून घेतलेली आहेत. म्हणजे एका चित्रपटाचा खरेपणा दुसऱ्या चित्रपटाच्या नटांवरून आणि सणासुदीला फोटोसाठी नटलेल्या माणसांवरून सिद्ध झाला होता. प्रस्तुत लेखाचा उगम त्या दुपारच्या अस्वस्थतेत आहे, आणि त्यातील चीड वाचकांना कोठे जाणवली तर ती लपविण्याचा माझा प्रयत्न नाही.

मुळात हा प्रश्न नवा नाही. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात, १९५३ साली आलेल्या 'ज्युलियस सीझर' या अमेरिकी चित्रपटातील रोमन पुरुषांच्या कपाळावरील झुलपांची जी थट्टा केली आहे ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असावी. पडद्यावरच्या प्रत्येक रोमनाला झुलूप आहे. कोणाचे कुरळे, कोणाचे तेल लावलेले, पण आहेच. इतिहासात टकले रोमन पुष्कळ होते, त्यांना मात्र येथे मज्जाव आहे. झुलूप हे रोमनपणाचे लेबल आहे आणि ते कपाळावर चिकटले की पुढे काहीही घडले तरी ते रोममध्येच घडते आहे अशी प्रेक्षकाची खात्री राहते. बार्थ यांचा आक्षेप झुलूप खोटे असण्याला नव्हताच. चिन्हाने चिन्ह म्हणून उघड उभे राहावे किंवा वस्तूत पुरते मुरून जावे. ते चिन्ह असूनही निसर्गाचे सोंग आणते, हा तो आक्षेप. आपल्या टोळीपटांतील बेलबॉटम हे मुंबईचे झुलूप आहे. १९७५ म्हटले की रस्त्यावरच्या शंभर माणसांना घेरदार पँट चढते. १९६५ म्हटले की त्याच शंभरांची पँट घोट्याशी आवळते. जणू काही सरकारी अध्यादेश निघाला आणि शहराने एका रात्रीत कपडे बदलले.

आता प्रत्यक्ष १९७५ साली लालबाग-परळमधील एखाद्या खोलीत काय होते ते पाहावे. आजोबा धोतर, सदरा आणि टोपी घालून होते. वडील घरी लेंगा आणि बंडीत, खात्यात खाकी अर्ध्या चड्डीत. आजी नऊवारीत, सून पाचवारीत. थोरला मुलगा कोठे चिकटला असेल तर त्याच्या अंगावर टेरिकॉटची एक पँट, आणि धाकटा त्या थोरल्याच्या कमरेला आवळून घेतलेल्या जुन्या पँटीत. दहा बाय बाराच्या त्या जागेत चार दशके एका वेळी नांदत होती. कपडा शिवताना शिंप्याला खाली दुमड ठेवायला सांगितली जात असे, कारण मुलगा वाढणार आणि कापड तेच राहणार. कॉलर झिजली की ती उसवून उलटी बसवली जाई. सर्वांत शेवटी तो कपडा बोहारणीच्या पाटीत जाऊन त्याचे एक पातेले होत असे. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझा जन्म पुढच्या दशकाच्या तोंडावरचा असला तरी शाळेत जाईपर्यंत माझ्या अंगावर स्वतःच्या मापाचा शर्ट आलेला नव्हता.

सांगायचे ते असे की गरिबाच्या कपड्याला दशक नसते, त्याला वंशावळ असते. फॅशनचे कालमापन हे दर वर्षी नवे कपडे घेणाऱ्या वर्गाचे कालमापन आहे, आणि कालसुसंगतीची आपली कसोटी त्या वर्गाच्या घड्याळावर लावलेली आहे. त्या कसोटीला उतरलेला चित्रपट प्रत्येकाला त्याच वर्षाचा, कोरा, इस्त्री केलेला कपडा चढवतो. मग काळ बरोबर येतो आणि माणूस चुकतो. यात कपडेपट सांभाळणाऱ्यांचा दोष मी मानीत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून, काचकागदाने घासून नवे कापड जुने कसे करावे ही त्यांची विद्या त्यांना उत्तम अवगत असते. पण 'जुने दिसणे' आणि 'दुसऱ्याचे असणे' यांतील फरक काचकागदाने साधत नाही. तो संहितेत असावा लागतो.

याला जोडूनच पुराव्याचा प्रश्न येतो. वाड्यातील शालू, पैठणी, अंगरखे पेट्यांतून राहिले, संग्रहालयांत गेले. चाळीतील कपडा शेवटच्या धाग्यापर्यंत वापरला गेला आणि म्हणूनच तो उरला नाही. ज्यांच्या अंगावरून टोळ्यांचा इतिहास गेला त्यांची वस्त्रे कोणत्याही काचेच्या कपाटात नाहीत. जे उरते ते छायाचित्र; आणि छायाचित्रासाठी माणूस उसना कोटसुद्धा घालीत असे. तेव्हा 'संशोधन करून पोशाख केले' या विधानाने समीक्षकाने भारावून जाण्याचे कारण नाही. संशोधन कशात केले आणि काय हाती लागणे शक्य होते, हे आधी पाहिले पाहिजे.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो कापडाविषयी आहे.

मुंबईच्या टोळीपटांचा विषय ज्या वस्तीतून येतो त्या वस्तीचा धंदाच कापड हा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा कधी खात्यात गेले नाहीत. त्याच्या बरोबर सात दिवस आधी, ११ जानेवारी १९८२ रोजी, मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. चित्रपटाने या दुसऱ्या घटनेचे सोने केले. पहिल्या घटनेशी, मधल्या सात दिवसांशी, त्याला काही देणेघेणे नाही. पुढच्या दशकात टोळ्यांना पोरे कोठून मिळाली हे गिरणगावात कोणालाही विचारावे. कामगारांच्या ज्या मुलांच्या वाट्याला बापाची बदली नोकरी यायची ती आली नाही, त्या मुलांतील काही या वाटेने गेली. आणि गिरण्या का मोडल्या, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण कापडातच होते. सुताच्या जागी कृत्रिम धागा आला, विणकाम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकले. नायकाच्या अंगावरचा जो चकचकीत टेरिलिनचा शर्ट पाहून समीक्षक 'काळ उभा राहिला' म्हणतो, तो शर्ट त्या काळाचे नुसते चिन्ह नाही, त्या काळातील एक पात्र आहे. त्याने काही केलेले आहे. माझे वडील साचेवाले होते. सुती कापड बोटांत चुरगाळून ते त्याचा पोत सांगत, आणि टेरिकॉट घालणाऱ्या माणसाकडे ते कसे पाहत हे मला आठवते. वस्त्रोद्योगाच्या ढिगाऱ्यातून उगवलेल्या माणसांवर आपण डझनभर चित्रपट काढले, त्यांच्या वस्त्रांचे कौतुक केले आणि ते वस्त्र विणले कोणी हे एकदाही विचारले नाही. पोशाखाच्या अचूकतेची याहून क्रूर थट्टा मला सुचत नाही.

तस्करांच्या बाबतीतही तेच. आयात-निर्बंधांच्या त्या वर्षांत परदेशी कृत्रिम कापड, घड्याळे, ट्रान्झिस्टर आणि सोने हाच गोदीतून चोरून येणारा माल होता. म्हणजे तस्कराच्या अंगावरचा शर्ट आणि मनगटावरचे घड्याळ हे त्याचे अलंकार असण्याआधी त्याच्या दुकानातले नमुने होते. तो चालताफिरता जाहिरातफलक होता. असा कपडा रस्त्यावर दिसला की लोक मान वळवून पाहत, कारण तो इतरांकडे नव्हता. आपला टोळीपट काय करतो? तो नायकाच्या मागे उभ्या असलेल्या शंभरांनाही त्याच तऱ्हेचे कपडे देतो. मग मान वळवायला कारणच उरत नाही, आणि तस्करी नावाच्या व्यवहारामागची जी भूक होती ती कथेतून निघून जाते. उरतो तो एक रुबाब.

पांढऱ्या रंगाचे उदाहरण याहून बोलके आहे. हाजी मस्तानचा पांढरा पोशाख आणि पांढरे बूट दंतकथेसारखे सांगितले जातात. 'वन्स अपॉन अ टाइम'मधील सुलतान मिर्झाने ते उचलले. अरुण गवळीची पांढरी टोपी आणि सदरा-लेंगा 'दगडी चाळ' (२०१५) आणि 'डॅडी' या दोन्ही चित्रपटांत आहे. अचूक आहे, यात शंका नाही. पण या शहरात पांढऱ्याचा अर्थ काय होता? मराठीत कारकुनाला, मास्तराला, वकिलाला आपण 'पांढरपेशा' म्हणतो. या एका शब्दात मुंबईचे सगळे वर्गशास्त्र घडी घालून ठेवलेले आहे. ज्याचा कपडा संध्याकाळपर्यंत पांढरा राहतो तो पांढरपेशा. ज्याचा राहत नाही तो इतर. मस्तानने गोदीत हमाली केली होती. हमाली केलेल्या माणसाने नखशिखांत पांढरे घालावे यात नुसती आवड नाही, त्यात एक हिशेब चुकता केलेला आहे. गवळीची टोपी तर आणखी निराळी. ती गावाकडच्या वडीलधाऱ्याची आहे, गिरणीतल्या जुन्या कामगाराची आहे आणि पुढाऱ्याचीही आहे; २००४ साली ती टोपी निवडून येऊन विधानसभेत गेली. ही माणसे स्वतःच वेशभूषाकार होती. त्यांचा पोशाख ही त्यांनी समाजाशी केलेली बोलणी होती. चित्रपट ती बोलणी ऐकत नाही, तो फक्त कापडाचा रंग टिपतो. समीक्षक रंग तपासून मान डोलावतो.

कपड्याच्या आतल्या शरीराविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अचूकतेचे भक्त नेमके तेथे डोळे मिटतात. 'शूटआउट अ‍ॅट वडाळा'मध्ये जॉन अब्राहमने मन्या सुर्वे साकारला आहे. शर्ट कदाचित १९८२ चा असेल, पण तो ज्या दंडांवर ताणलेला आहे ते एकविसाव्या शतकातील व्यायामयंत्रांवर घडलेले आहेत. गिरणगावात शरीर कमावणारे नव्हते असे नव्हे. तालमी होत्या, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता. त्या शरीराची ठेवण निराळी, चाल निराळी, त्यावर शर्ट बसतो तोही निराळा. शरीर हा माणसाचा पहिला पोशाख. तो इतका उघड कालविपर्यस्त असता बटणांच्या वादात कसला अर्थ आहे? १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड'चे उदाहरण सर्वांना माहीत आहे. कथा १९३० च्या दशकातली, पण फे डनवेची ती बेरे टोपी आपल्या काळातील तरुणींच्या डोक्यावर जाऊन बसली. गतकाळाचा चित्रपट आपल्या वर्तमानाचेच माप घेऊन शिवलेला असतो.

येथे दुसऱ्या पक्षाला हर्ष होण्याचा संभव आहे, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. आमच्या विद्यापीठांत आता असे म्हणणारे पुष्कळ आहेत की सगळेच चिन्ह आहे, भूतकाळ म्हणजे संहितांची संहिता आहे, तेव्हा अचूकता हा प्रश्नच भाबडा आहे. फ्रेडरिक जेमसन यांच्या स्मरणरंजनपटाविषयीच्या विवेचनाचा हवाला त्यासाठी दिला जातो. जेमसन यांनी १९८४ च्या निबंधात आणि १९९१ च्या पुस्तकात इतिहासाचे चकचकीत प्रतिमांत रूपांतर होण्याविषयी लिहिले ते तक्रार म्हणून; आमच्या मित्रांनी ते परवाना म्हणून वाचले. या मंडळींना माझे एवढेच विचारणे आहे की 'सगळेच चिन्ह' असेल तर ते कोणाच्या हिताचे चिन्ह आहे हा प्रश्न सुटतो कसा? उलटवलेली कॉलर हेही चिन्हच आहे. ते पडद्यावर कधीच का येत नाही?

माझा आग्रह अचूकता सोडण्याचा नाही. गेओर्ग लुकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीवरील ग्रंथात फ्लोबेरच्या 'सालाम्बो'वर टीका केली ती पुरातत्त्वीय तपशील चुकला म्हणून नव्हे. तपशील निर्दोष असून तो माणसांच्या संबंधांपासून सुटा पडला म्हणून. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे : पोशाखी. मराठी ऐतिहासिक कादंबरीतील भरजरी वर्णनांवर हाच शेरा मारून आपल्या समीक्षेने एक पिढी गाजवली. जिरेटोप आणि अंगरखा यांबाबतचा तो विवेक बेलबॉटम येताच कोठे गेला, हे मला समजत नाही.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह 'गांधी' (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटाविषयी माझे इतर आक्षेप आहेत, पण तेथे वस्त्र हे कथेचे बाह्यांग नाही. बॅरिस्टरचा सूट ते पंचा हा प्रवास हेच कथानक आहे. १९२१ साली मदुराईत गांधींनी अंगावरचे कपडे उतरवून पंचा स्वीकारला तेव्हा कापड कोणी पिकवले, कोणी विणले, कोणी विकले हा प्रश्न त्या पंच्यात होता. तेथे अचूकतेला काम आहे.

टोळीपटांतही सगळे टाकाऊ नाही. 'बॉम्बे वेल्वेट' सपशेल पडला आणि त्यातील अमेरिकी थाटाच्या सूटांची टवाळी झाली. माझ्या मते ती टवाळी निम्मी अन्याय्य होती. त्यातला बलराज चित्रपटगृहात 'द रोअरिंग ट्वेंटीज' पाहतो आणि तसा होऊ पाहतो. त्याचा सूट परका आहे, कारण त्याची स्वप्ने परकी आहेत. पोशाख ही नक्कल आहे हे चित्रपटाला ठाऊक आहे. त्याच्या मागे वाजणारा जाझ ज्यांनी मुंबईत वाजवला त्या गोव्याच्या वादकांचा सूट मात्र नक्कल नव्हता. तो त्यांचा कामाचा गणवेश होता. हा फरक दाखवता आला असता तर चित्रपट कोठल्या कोठे गेला असता. आणि 'दीवार'मधील (१९७५) गोदी कामगाराच्या निळ्या शर्टाची ती गाठ? शर्ट प्रमाणाबाहेर लांब शिवला गेला म्हणून ती मारली, असे खुद्द अमिताभ बच्चन यांनी सांगितले आहे. शिंप्याची चूक होती ती. पण दुसऱ्याच्या मापाचा कपडा आपल्या अंगाशी आवळून घेणे ही कामगारवस्तीची रोजची क्रिया त्या गाठीत नकळत आली. 'दीवार', 'अर्धसत्य' (१९८३), 'सत्या' (१९९८) हे चित्रपट स्वतःच्याच वर्तमानात घडत होते, काळ उभा करण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते. म्हणूनच की काय, भिकू म्हात्रेचे सैल शर्ट आज दस्तऐवजासारखे वाचता येतात.

जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ चे. गिरणीसंपात मोडलेल्या धुरी कुटुंबातील एक मुलगा टोळीत जातो. ते घराच्या आतून दिसते. आईला दिसते तसे दिसते. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' हा चित्रपट केला. त्याची भडक हिंसा मला खटकली, तरीही संप आणि टोळी ही एकाच खोलीतील गोष्ट आहे एवढे त्याने सोडले नाही. कपड्यांविषयी त्याची कोणी फारशी वाखाणणी केली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

शेवटी मराठीच्या शिक्षकाला सतावणारी एक बाब. शर्टाच्या बटणावरून भांडणारे आमचे समीक्षक पात्रांच्या तोंडातील शब्दांकडे ढुंकून पाहत नाहीत. पडद्यावरचे दशक कोणतेही असो, 'सुपारी', 'पेटी', 'खोका' ही तयार कपड्यांच्या दुकानातील भाषा सर्वांना एकाच मापात दिली जाते. मालवणी बापाचा मुलगा, घाटावरून आलेला, उत्तर प्रदेशातून आलेला, मदनपुऱ्यातला विणकर, सगळे एकसारखे बोलतात. भाऊ पाध्यांचे 'वासूनाका' (१९६५) उघडून पाहावे. तेथील पोरांच्या कपड्यांचे वर्णन मला फारसे आठवत नाही, पण ती कोणत्या वर्षी कोणत्या नाक्यावर उभी आहेत याविषयी शंका राहत नाही. चर्चासत्रात त्या तरुण निबंधकारांना मी हे सांगितले. ते सौजन्याने हसले आणि पुढील स्थिरचित्र लावले. त्यात एक हारीने उभा केलेला जमाव होता, आणि त्यातील प्रत्येकाचा शर्ट नवा होता.